पोराच्या विमानात बसू की नको?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. आम्ही दोघंच सोलापुरात विजापूर रोडला राहतो. ह्यांचं आयुष्य रेल्वेत गेलं, लोको पायलट म्हणून रिटायर झाले. मुलगा अमेरिकेत डॅलसला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने खासगी विमान चालवायचं लायसन काढलं आणि मित्रांबरोबर भागीदारीत चार सीटचं सेसना घेतलं, तेही १९७८ सालचं! एप्रिलमध्ये आम्ही तीन महिने त्याच्याकडे जातोय. त्या विमानातून आम्हाला समुद्रकिनारी गॅल्व्हेस्टनला न्यायचं त्याने ठरवलंय, हॉटेलही बुक केलंय. मी का-कू केलं की म्हणतो, "आई, कारपेक्षा विमान सेफ असतं. सोलापूर-गोवा विमानात बसलीस ना? मग माझ्यावरच विश्वास नाही का?" हे म्हणतात, "व्हायचं ते घरी बसूनही होतं." सून फोनवर हळूच म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा त्यांना, माझं ऐकत नाहीत." मी कात्रणं काढून अपघातांची यादीच केली आहे, सोबत जोडते. ती वाचली की झोप लागत नाही. नाही म्हटलं तर पोरगं दुखावेल, हो म्हणायची हिंमत नाही. काय करू?

ताई, नमस्कार.

आधी तुमची यादी वाचली. शिक्षिकेच्या हातची आहे हे लगेच कळतं. तारीख, गाव, माणसं किती गेली, सगळं रकान्यांत आखलेलं. फक्त कारणाचा रकाना नाही. तो भरून पाहू.

२३ जून १९८०, दिल्ली, संजय गांधी: कमी उंचीवर हवेत कसरती करताना विमान आवरलं नाही. ३० सप्टेंबर २००१, मैनपुरी, माधवराव शिंदे: कानपूरच्या सभेला निघालेलं छोटं विमान, वाटेत खराब हवामान. २८ जून २०१८, घाटकोपर: चाचणीसाठी उडवलेलं विमान वस्तीत पडलं, त्यातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला. जुलै २०२२, आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी: सरावासाठी उडालेली शिकाऊ मुलगी विमानासकट शेतात कोसळली, जखमी झाली, पण वाचली. आणि १२ जून २०२५, अहमदाबाद: ते प्रवासी कंपनीचं अजस्र बोइंग. त्याचा आणि तुमच्या मुलाच्या सेसनाचा संबंध एवढाच की दोन्ही उडतात.

तुम्ही या सगळ्यांना 'विमान पडलं' या एकाच मथळ्याखाली घातलंय, म्हणून झोप उडते. यातलं माधवरावांचं उड्डाणच तुमच्या सहलीच्या थोडंफार जवळचं आहे, कारण तिथे हवामान होतं आणि पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं. त्या वाट बघण्याकडे मी परत येणार आहे.

आता मुलाचं बोलणं. 'कारपेक्षा विमान सेफ' हे खरं आहे, पण ज्या विमानांबद्दल ते खरं आहे, तसलं विमान त्याच्याकडे नाही. आपल्या गोव्याच्या विमानात दोन पगारी वैमानिक असतात, जमिनीवर हवामान बघणारी माणसं असतात, आणि कुठल्या परिस्थितीत उडायचं नाही याचे कंपनीचे नियम असतात. वैमानिकाच्या मनात कितीही आलं तरी ते नियम ओलांडता येत नाहीत. (सोलापूर विमानतळाशेजारच्या साखर कारखान्याच्या, विमानांच्या आड येणाऱ्या चिमणीपायी आपण किती वर्षं भांडलो, आठवा. जून २०२३ मध्ये ती पाडली, त्यानंतर दोन वर्षांनी गोव्याला विमान उडालं. एवढी सगळी यंत्रणा त्या एका तिकिटामागे असते.) तुमच्या मुलामागे यातलं फार थोडं आहे. अमेरिकेत खासगी आणि हौशी विमानांच्या दर लाख तासांच्या उड्डाणामागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. प्रवासी कंपन्यांचा आकडा याच्या आसपासही नाही. जाणकार छोट्या विमानाची जोखीम मोटारसायकलशी ताडून बघतात. आणि मोटारसायकलवर आपण सोलापुरात तिघं-तिघं बसतो, हेल्मेटही घालत नाही, तेव्हा कुणी कात्रणं काढत नाही. पण ते असो.

म्हणजे मुलाचा दावा चुकीचा आणि तुमची भीती रास्त. मात्र तुम्ही ज्याला भिताय ते बहुधा तुम्हाला मारणार नाही, आणि ज्याने माणसं मरतात ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.

तुम्ही भिताय विमानाच्या वयाला. '१९७८ सालचं' यापुढे उद्गारचिन्ह आहे. एसटीच्या हिशेबाने हे खटारं झालं, बरोबर. पण सेसना कंपनीने १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं एका इंजिनाची छोटी विमानं बनवणंच थांबवलं होतं, त्यामुळे अमेरिकेच्या आकाशात सत्तरच्या दशकातली विमानं आजही सर्रास दिसतात. दर बारा महिन्यांनी त्यांची कायद्याने सक्तीची तपासणी होते, तीत मेकॅनिक विमान अक्षरशः उघडून बघतो. समजा, वाटेत इंजिन बंद पडलंच, तरी विमान दगडासारखं खाली येत नाही. असलं सेसना पाच हजार फुटांवरून तेरा-एक किलोमीटर नुसतं तरंगत जाऊ शकतं, आणि मोकळं रान मिळालं तर मोटारीच्या वेगात टेकतं. अमेरिकेत वर्षाला हजारावर छोट्या विमानांचे अपघात नोंदले जातात, त्यांतला साधारण पाचातला एकच जीवघेणा असतो, याचं एक कारण हा कमी वेग.

मग जीव कशाने जातो? वर्षानुवर्षांच्या तपासांत पहिला क्रमांक एकाच गोष्टीचा येतो: धडधाकट विमानावरचा वैमानिकाचा ताबा सुटणं. साधारण चारांतल्या तीन अपघातांचं मूळ वैमानिकाच्या निर्णयात किंवा हाताळणीत निघतं, यंत्राचा बिघाड बराच मागे राहतो.

ताबा सुटतो कसा, हे थोडं सविस्तर सांगते, कारण मुलाशी बोलताना उपयोगी पडेल. एक प्रकार उतरतानाचा. धावपट्टीकडे शेवटचं वळण घेताना विमान खाली आलेलं असतं, वेगही कमी केलेला असतो. वळण जरा चुकलं म्हणून वैमानिक नाक वर ओढतो, वळण आणखी आवळतो, आणि पंखांवरचा हवेचा आधार एकाएकी तुटतो. हेच तीन हजार फुटांवर झालं तर सावरायला जागा असते. पाचशे फुटांवर नसते.

दुसरा प्रकार ढगांचा, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. साधं खासगी लायसन असलेल्याने बाहेर दिसतंय तोवरच उडवायचं असतं. ढगात किंवा धुक्यात शिरून फक्त यंत्रांकडे बघून उडवायला वेगळं शिक्षण आणि वेगळी परवानगी लागते. ती नसलेला माणूस ढगात शिरला की तोल सांभाळणारा आतला कानच त्याला फसवतो. विमान हळूहळू एका अंगाला कलून गोल फिरत असतं आणि आतला माणूस शपथेवर सांगेल की आपण सरळ चाललोय. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात असं शिक्षण नसलेल्या वीस जणांना अशा परिस्थितीत उडवायला दिलं होतं, अर्थात शेजारी जाणता वैमानिक बसवून. विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

अमेरिकेचे अध्यक्ष होते त्या जॉन केनेडी यांच्या मुलाचं हेच झालं. १६ जुलै १९९९. चुलत बहिणीचं लग्न, सोबत बायको आणि मेव्हणी, निघायला उशीर, अंधार पडलेला, समुद्रावर धुरकट हवा. यंत्रांवर उडवायची परवानगी त्याच्याकडे नव्हती. एका प्रशिक्षकाने सोबत येतो असं म्हटलं होतं, पण त्याने एकट्यानेच उडवायचं ठरवलं, अशी नोंद तपासात आहे. यंत्रात दोष सापडला नाही. काळोखात समुद्रावर दिशेचं भान गेलं आणि तिघंही गेले.

यात विमानाचं वय कुठे आलं? आलं ते लग्न, आणि झालेला उशीर.

इंधनाचंही तसंच. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ साली इशारा दिला होता की इंधन संपणं किंवा चुकीच्या टाकीवर राहणं यावरून वर्षाला पन्नासाहून जास्त अपघात होतात, आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांत वाटा माणसाचा असतो. म्हणजे टाकीत काठी घालून न बघता काट्यावर विसंबणारे, 'पुढच्या विमानतळावर भरू' म्हणणारे.

उन्हाचं मात्र सोलापूरकरांना पटकन कळेल. तापलेली हवा विरळ होते, पंखांना आणि इंजिनाला दोघांनाही ती पुरत नाही. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण पावणेपाचशे मीटरवर आहे, पण मे महिन्यात पारा ४२ ला गेला की छोट्या विमानाला तिथली हवा महाबळेश्वराहूनही उंचावरची असल्यासारखी विरळ लागते. धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. डॅलसचा उन्हाळाही आपल्यासारखाच भाजतो. तिथे एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस: दुपारनंतर गडगडाट, आणि समुद्राच्या बाजूला सकाळी खाली उतरलेले ढग. तुमची सहल नेमकी या दोन्हींच्या मधून जाते.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. 'व्हायचं ते घरी बसूनही होतं' असं ते म्हणतात. त्यांना विचारा, गाडी चालवताना हे कधी म्हणाला होतात का? ड्युटीवर हजर झालं की आधी ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायचं, कॉशन ऑर्डर, म्हणजे कुठे गाडी हळू घ्यायची त्याचा कागद, घ्यायची, सिग्नल लाल असेल तर मागे कितीही गाड्या खोळंबल्या तरी उभं राहायचं. थांबायचं की नाही हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही. तो सिग्नलने सोडवलेला होता. आता पोराचा विचार करा. हवामान बघणारा तोच, वजनाचा हिशेब करणारा तोच, आपण दमलोय की ठीक आहोत हे ठरवणारा तोच, आणि लाल सिग्नल द्यायचा तर स्वतःला स्वतःच द्यायचा. तोही आई-बाबा हजारो मैलांवरून आलेले, हॉटेलचे पैसे भरलेले, मोबाइलवर सगळ्या नातेवाइकांना आधीच कळवलेलं असताना.

म्हणून 'माझ्यावर विश्वास नाही का' हा त्याचा प्रश्नच मला तिरका वाटतो. त्याचा हात चांगला असेल, मी शंका घेत नाही. तुम्ही विश्वास ठेवायचा तो त्याच्या परत फिरण्यावर. ज्या दिवशी आकाश नीट नसेल त्या दिवशी तो सगळ्यांसमोर, हिरमुसलेल्या बापासमोर, 'आज नाही' म्हणू शकतो का? याचं उत्तर त्याच्या एकट्याच्या हातात नाही. निम्मं तुमच्या हातात आहे, कारण ज्यांच्यापुढे त्याला मान खाली घालावीशी वाटणार नाही, ती माणसं तुम्हीच आहात.

तेव्हा जायच्या आधीच, आत्ता सोलापुरातून, त्याच्याशी फोनवर बोला. यादी वाचून दाखवू नका, तो ऐकणार नाही. प्रश्न विचारा, तेही शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखे नकोत. एकूण किती तास उडवलंस? गेल्या तीन महिन्यांत किती? (प्रवासी बसवायचे तर गेल्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात, हा तिथला नियम आहे, पण तीन म्हणजे फार नव्हेत.) ढगात उडवायची परवानगी काढलीस का? एवढ्या लांब, नव्या विमानतळावर याआधी गेलायस का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: कधी अर्ध्या रस्त्यातून परत फिरलायस का, ते सांग ना. या शेवटच्या प्रश्नाला तो रंगून गोष्ट सांगायला लागला, की अमक्या दिवशी ढग खाली आले, मी वळलो, तमक्या विमानतळावर रात्रभर अडकलो, तर मी तुमच्या जागी असते तर निम्मी काळजी सोडली असती. 'छे, तशी वेळच आली नाही' असं म्हणाला तर मी गॅल्व्हेस्टनला कारने गेले असते.

कार हाच दुसरा मुद्दा. डॅलसहून गॅल्व्हेस्टन रस्त्याने साडेचार-पाच तास. विमानाने दोन-अडीच, आणि विमानतळावरची तयारी धरली तर फार फरक उरत नाही. त्याला सांगा, 'आपण जायचं ठरलं ते समुद्रावर. विमानाने जमलं तर विमानाने, नाही तर गाडीने, मला दोन्ही चालेल.' हॉटेल रद्द केल्यास पैसे परत मिळतील असं करून घ्यायला सांगा. परतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचं ऑफिस नको, कुणाचं जेवणाचं आमंत्रण नको. आणि मैत्रिणींच्या, भावकीच्या ग्रुपवर आधी काही टाकू नका. वाट बघणारं कुणी नसलं की वैमानिकाला परत फिरणं सोपं जातं, हे मी मघाशी म्हणाले त्याचा अर्थ हा.

पहिलंच उड्डाण एवढं लांब असायची गरज तरी काय? सकाळच्या शांत हवेत त्याच्याच विमानतळाभोवती अर्धा तास फिरून या. त्या दिवशी प्रशिक्षकाला शेजारी बसव, असंही म्हणता येईल. यात त्याचा अपमान नाही. तिथे दर दोन वर्षांनी प्रशिक्षकासोबत उजळणीचं उड्डाण करावंच लागतं, आणि त्याच्या लायसनला दोन वर्षं होत आली आहेत. तुमचे यजमान मागे बसून हे सगळं बघू देत. मला खात्री आहे, निघण्याआधी तो कागद हातात धरून एकेक गोष्ट तपासतो की तोंडपाठ आहे म्हणून सोडून देतो, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. चढताना आणि उतरताना मात्र कुणी बोलायचं नाही, व्हिडिओसाठी 'इकडे बघ' म्हणायचं नाही.

एवढं सगळं करूनही तुम्हाला बसावंसं वाटलं नाही तर बसू नका. बाबा गेले, आई खाली थांबली, यात काही बिघडत नाही. नकार द्यायचा तर कारण खोटं देऊ नका. गुडघे, बीपी, चक्कर असलं काही सांगितलं की तो त्यावर उपाय शोधून आणेल. सरळ म्हणा: "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे, मला भीती वाटते. आणि घाबरलेली आई मागे बसली तर तुझं अर्धं लक्ष माझ्याकडेच राहील." हे खरंही आहे. त्याच्या उडण्यावर बंदी मात्र घालू नका. चौतीस-पस्तीस वर्षांचा माणूस ऐकणार नाही, आणि पुढे तुम्हाला सांगायचंच बंद करील.

सुनेचा निरोप तुम्ही पोचवू नका, असं मला वाटतं. तिला भीती वाटत असेल तर ते तिने नवऱ्याला तिच्या तोंडाने सांगायला हवं. तिला फोन करा, म्हणावं, 'मी माझ्यापुरतं बोलणार आहे, तू तुझ्यापुरतं बोल. तू नाही म्हणालीस तर मी तुझ्या बाजूने आहे.' सासूकडून एवढं वाक्य मिळालं तरी पुष्कळ आहे.

असंच पत्र आणखी दोघांचं आलं आहे. एकांची मुलगी विमान शिकायला जाते आहे, एकांना सुट्टीत हौसेच्या उड्डाणाला बसायचंय. त्यांनाही थोडंफार हेच. मुलीला शिकवणाऱ्या संस्थेत जाऊन विमानं किती नवी आहेत हे बघण्यापेक्षा, हवामान खराब असताना उड्डाण रद्द करण्याचा शेवटचा शब्द कुणाचा असतो आणि तास भरायची घाई कोण करतं, ते विचारा. हौसेच्या उड्डाणाला बसणाऱ्यांनी समोरच्याला विचारावं, वारा वाढला तर पैसे परत देता का? जो देतो, त्याला उड्डाण रद्द करायला जड जात नाही.

दोन कामं जायच्या आधी उरकून घ्या. तुमच्या प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचा किंवा एजंटला लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत तिकीट काढून प्रवासी कंपनीच्या विमानात बसलेल्यालाच संरक्षण असतं, खासगी विमान वगळलेलं असतं. मुलाच्या विमानाच्या विम्यात प्रवाशांसाठी काय आहे, हेही त्याला विचारा.

आणि वजन. चार सीट म्हणजे चार माणसं नव्हेत. असल्या सेसनात टाक्या पूर्ण भरल्या तर माणसं आणि सामान मिळून साधारण पावणेतीनशे किलोच बसतात. तो तुम्हा दोघांचं वजन विचारील, तेव्हा काट्यावर उभं राहून जो आकडा येईल तो सांगा, दोन किलो कमी करून नको. तुम्ही नेणार असलेली शेंगाचटणी, कडक भाकरी आणि सुनेसाठीच्या दोन चादरी डॅलसलाच उतरवून ठेवा.